सरकवलेली खुर्ची

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण डोळ्यांपुढून हलत नाही ते गुढियारी वस्तीतलं एक दार. त्यावर काळं ऑइल फासलं होतं आणि कडीला खिळे टोचलेली लिंबं बांधली होती.

ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. एका शिक्षिकेचा फोन आला, "पाऱ्यात एका म्हातारीला टोनही म्हणून मारतायत." पारा म्हणजे मोहल्ला, टोनही म्हणजे चेटकीण. छत्तीसगढात यासाठी वेगळा कायदा आहे, म्हणून मी स्वतःच निघालो.

ते दार या म्हातारीचं. सगळे तिला मावशी म्हणत. मावशी मूळच्या विदर्भातल्या. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर एकट्याच राहत. केस कुणीतरी कात्रीनं वेडेवाकडे कापले होते. "साहेब, मले घर सोडाले लावून राहिले. चाळीस वर्षं झाली इथं. आता कुठं जाऊ?"

एफआयआर नोंदवून, मावशींनी नाव घेतलेल्या शेजाऱ्याला चौकशीला आणलं. गुन्हेगार बहुधा नजर चुकवतो. हा सरळ माझ्याकडे पाहत होता, कारण आपण बरोबरच केलं याची त्याला खात्री होती. "नातिन का बुखार नहीं उतर रहा, साहब. आप खुद देख लो," म्हणत त्यानं मोबाइल पुढे केला.

एका भयपटाचा तुकडा होता. जंगलातलं गाव, हजारो वर्षांची दुष्ट शक्ती एकेक घर गिळत येते आणि शेवटी तोंड वळवते. ते तोंड मावशींचं होतं. मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करणाऱ्या मावशींना कुणीतरी त्या सिनेमात भूमिकेसाठी नेलं होतं. त्या आनंदात बिचारीनं पाऱ्यात पेढेही वाटले होते.

मला वाटलं, गुंता सुटला. सगळ्यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवायचा, सिनेमाच्या मेकअपवाल्याकडून मावशींना चढवलेली रबरी कातडी दाखवायची, भीती पळालीच समजा. मावशींनी हात जोडले. "नका दाखवू साहेब. ज्यानं नाही पाहिलं, तोबी पाहीन."

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो. वर्दीची घमेंड, दुसरं काय!

रविवारी दुपारी समाजभवनात पडदा लागला. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर. मेकअपवाल्यानं कातडी फिरवली, लोक हसले. मग पडद्यावर तो चेहरा वळला आणि बायांनी पोरं पदराखाली घेतली. मी उठून भाषण ठोकलं, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवसापासून मावशी नळावर आल्या की सगळ्या बाया भांडी उचलून निघून जात. दूधवाल्यानंही दार टाळलं.

शेजाऱ्याला शिक्षा झाली. माझी पाठ थोपटली गेली. कायद्यानं माणसाला तुरुंगात घालता येतं, पण कुणाला कुणाच्या शेजारी बसवता येत नाही, हे मला त्या केसनं शिकवलं. फार उशिरा शिकवलं.

अमरावतीला भाचीकडे कायमचं जाताना मावशी ठाण्यात आल्या. "केस चांगली केली तुम्ही साहेब. पण माहा चेहरा पडद्यावर आला, तवा तुम्हीबी खुर्ची बाजूले सरकवली."

मला काही आठवेना. त्या गेल्यावर, सिनेमाच्या दिवशी माझ्या मागे उभ्या असलेल्या हवालदाराला विचारलं, "सरकवली होती का रे मी?"

तो खाली पाहत हळूच म्हणाला, "हव, साहब. सरकाए थे."