डायनासोरचे डोळे

आमच्या बागेतल्या सिमेंटच्या डायनासोरचे डोळे तेवढे रंगवायचे राहिले होते. रंगवणाऱ्या सुमनताई एरवी गणपती करतात. गणपतीसाठी धुवावेत तसे हातपाय धुऊन, श्वास रोखून त्यांनी डोळे आखले. कंत्राटदार वैतागला, "ताई, हा चिडलेला हवा होता!"

"रागीट डोळे माझ्या हाताला येत नाहीत. आणि तुम्ही तरी कुठं पाहिलाय याला?"

खरंच, कुणी पाहिलाय? हाडं तेवढी सापडली, बाकी माणसानं मनातलं भरलं. बहुतेकांनी भीती भरली. सुमनताईंनी माया भरली.

संध्याकाळी एक चिमुरडी थेट डायनासोरच्या दातांपाशी गेली आणि मूठभर गवत पुढं करून म्हणाली, "खा."

मी बाकावरून उठून टाळ्याच वाजवल्या. कोट्यवधी वर्षांनी त्याला कुणीतरी जेवायला विचारलं होतं!