चौथी कड

“अहो, अर्धं पुस्तक अजून शाबूत आहे. उरलेलं कापायला एक दुपार पुरे,” पार्टिशनपलीकडे फ्रेमकाका फोनवर कुणाला तरी सांगत होते. पार्टिशनच्या या बाजूला मी चित्रासोबत द्यायच्या कार्डावर इंग्रजीत लिहीत होते, की हे पान वाळवीने खाल्लेल्या डच पुस्तकातून वाचवलेलं आहे. दोन वर्षं मी हेच लिहीत आले होते.

दुबईतल्या देरा भागात त्यांच्या दुकानात लग्नाचे फोटो, कुराणातल्या ओळी, मुलांची सर्टिफिकेटं, सगळ्याला चौकट मिळायची. म्हणून इथल्या मराठी घरांत ते फ्रेमकाका. पण त्यांचा जीव जुन्या डच बोधचित्रांत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून तीन-चारशे वर्षांपूर्वी छापलेली, तळहाताएवढी चित्रं. वर एक लॅटिन ओळ, खाली उपदेशाच्या चार-सहा ओळी. काका त्या खालच्या ओळींवर पंजा ठेवायचे आणि विचारायचे, “बोला मॅडम, काय म्हणतंय चित्र?”

मी कुणाशी फारशी बोलत नसे. घरी आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. काकांपुढे ते चालत नसे. ट्रॅफिकच्या दंडाला इथे मुखालफा म्हणतात, काका म्हणायचे, “मराठी चुकलं तर मुखालफा लागत नाही, हबीबी. बोल.”

एका चित्रात करकोचा एका पायावर उभा होता, दुसऱ्या पायात दगड. तो कुणाला तरी मारणार आहे, असं मी म्हणाले. काका चष्मा काढून हसले आणि मग त्यांनी पंजा उचलला. डोळा लागला तर दगड पडावा आणि जाग यावी, म्हणून तो धरलेला. राखण करणाऱ्याने असं असावं. दुसऱ्या एका चित्रात उंदराने उघड्या शिंपल्यात तोंड घातलं होतं आणि शिंपला मिटला होता. ते मात्र त्यांनी कधी समजावलं नाही. “हे दुबईत कुणाला सांगावं लागत नाही,” म्हणायचे.

चित्र वाचायला मला त्यांनी शिकवलं. बघत राहा, घाई करू नकोस, कडेपर्यंत बघ, असं ते सांगायचे.

फोन चालू असतानाच मी पुढ्यातलं पान कडेपर्यंत बघितलं. तीन कडा चहाच्या रंगाच्या. चौथी पांढरीशुभ्र. ही पांढरी कड मी प्रत्येक पानावर पाहिली होती. चौकटीत बसवायला थोडं छाटावं लागतं, असं काका म्हणाले होते, आणि मी पुढचं कार्ड घेतलं होतं. मी उठून पलीकडे गेले. कापायच्या टेबलावर चामड्याच्या बांधणीचं पुस्तक उघडं होतं. शिवण घट्ट, वाळवीचं एक छिद्र नाही, आणि पुढची निम्मी पानं मुळापासून कापलेली.

काकांनी फोन ठेवला. ते गडबडले नाहीत. अख्खं पुस्तक कुणाच्या तरी कपाटात पडून राहतं, सुटं पान भिंतीवर रोज दिसतं, त्यात काय बिघडलं, असं त्यांनी मलाच विचारलं. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर कदाचित मला पटलंही असतं.

तेवढ्यात पुण्याच्या एक बाई आल्या. शारजात नवं घर घेतलं होतं, हॉलसाठी चित्रं हवी होती. मी गिऱ्हाइकांसमोर कधी बोलत नसे, फक्त कार्डं लिहायचे. काका म्हणाले, “यल्ला, चल, आज तूच सांग. तुझ्याइतकं छान कुणी सांगत नाही.” आवाज नेहमीचा, लाडाचा. बाईंनी माझं कार्ड वाचलं आणि हळहळून विचारलं, सगळंच पुस्तक वाळवीने गेलं का.

काका माझ्याकडे बघत होते.

“वाळवी नव्हती,” मी म्हणाले. “हे पान काकांनी धडधाकट पुस्तकातून कापलंय. कार्डावरचं खोटं मी लिहिलंय. उरलेलं पुस्तक आत टेबलावर आहे, बघायचं असेल तर या.”