नानांच्या अंगठ्याला न सापडलेलं भोक

मंडळी, आज भर दुकानात मी फक्त नाचायची बाकी होते!

मी जळगावात एका सराफाकडे कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइन्स करते. लग्नाच्या तोड्यावर तीन फुगीर पाकळ्या जिथे भेटतात, तिथे मधोमध भोक राहत होतं. सॉफ्टवेअर ते बुजवायचं, पण ठिगळ लावल्यासारखं. कडा जुळायच्या, उतार जुळायचा नाही.

आमचे जुने कारागीर नाना डिझाइनवरून काढलेल्या मेणाच्या नमुन्यावर डोळे मिटून अंगठा फिरवतात. अंगठा अडला की नमुना परत! माझा परवाही आला, कालही आला.

आज सकाळी वैतागून मी भोकाभोवतीचा चांगला भागही कापून टाकला. भोक आणखी मोठं केलं! मग लांबूनच उतार जुळवत एकच सलग पृष्ठभाग ताणला. बसला की हो अलगद!

दुपारी मेणाचा नवा नमुना नानांच्या हातात दिला. अंगठा फिरला, पुन्हा फिरला. डोळे उघडून नाना म्हणाले, "पोरी, भोक कोठे व्हतं? माले तं सापडत नही!"

तोडा घालणाऱ्या नवरीलाही ते कधी कळणार नाही. म्हणूनच तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. तुमचं असं कुणालाच न दिसलेलं, पण तुम्हाला आतून फुलवणारं काम कोणतं?