नंबर पुसलेली बॅटरी

भूकंपानंतर लातुरात घर बांधलं तेव्हा सासऱ्यांनी अर्धा प्लॉट हट्टाने मोकळा सोडायला लावला. जमीन हलली तर पळायला जागा पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे गावात शिकवणी वर्गांचं पीक आलं. आम्हीही वर मजला चढवला आणि डॉक्टर व्हायला आलेल्या नऊ मुली भाड्याने ठेवल्या. अंगणात मात्र पावसाळ्यात गुडघाभर गवत माजायचं, म्हणून नांदेडहून बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन आणलं. त्याची बॅटरी मी जिन्याखालच्या बोर्डाला लावून ठेवत असे.

एका सकाळी पेपरात बोटभर चौकट दिसली. ही बॅटरी चार्ज होताना पेट घेऊ शकते, कंपनीने परत मागवली आहे, वापर थांबवा आणि बॅटरीवरचा नंबर दाखवून सेवा केंद्रातून बदलून घ्या. मी चहा तसाच सोडून उठले. बॅटरी एका अंगाने फुगली होती. वर नऊ मुली झोपलेल्या आणि उतरायला तो एकच जिना. मी आधी बटण बंद करून बॅटरी काढली आणि मग असा संताप आला की विचारू नका. मशीन घेताना दुकानाने माझा मोबाइल नंबर दोनदा लिहून घेतला होता. त्यावर दिवाळीच्या ऑफरचे मेसेज न चुकता येत. जिवावरची गोष्ट तेवढी पेपरात शोधून काढायची.

वाळूच्या बादलीत बॅटरी ठेवून मी रिक्षाने सेवा केंद्रात गेले. टेबलामागच्या माणसाने नंबर विचारला. तो पुसला गेला होता. खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळं पूजेला लागतं. बॅटरीला पाणी चालत नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून मी ती तेलाच्या फडक्याने घासली आणि कुंकू लावलं. लेबलावरचे आकडे त्यातच गेले.

"नंबरबिगर सिस्टीम घेत न्हाई काकू," तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "सध्या घरी घेऊन जा. नांदेडच्या दुकानातून बिल आणा, मग बघू."

"घरी नेण्याइतकी चांगली हाय ना?" मी म्हटलं. "मग इथंच चार्जिंगला लावते." आणि बादली त्याच्या बोर्डाजवळ सरकवली. लावणार नव्हते, पण त्याला ते माहीत नव्हतं.

तो ताडकन उठला आणि त्याने आधी दार उघडलं. "बाहेर ठेवा काकू, आधी बाहेर ठेवा."

"तुम्ही एकटे हाव तरी आधी दार उघडलंत," मी म्हटलं. "माझ्या जिन्यावर नऊ पोरी हायत."

 तो बादली स्वतःच्या हाताने बाहेर मोकळ्यावर ठेवून आला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. नंबराच्या रकान्यात त्याने नुसती एक रेघ मारली. सिस्टीमने ती मुकाट्याने घेतली.