तेरा आठवड्यांची रेनेल

व्हर्ना हाउगेन नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या गावच्या इस्पितळात सव्वीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची नऊ मुख्य नर्स. कायमच्या नर्सेस एकेक करून मोठ्या शहरात गेल्या. मग नर्सेस पुरवणारी एक एजन्सी तेरा आठवड्यांच्या करारावर बाहेरच्या नर्सेस पाठवू लागली. औषधांचं कपाट कसं उघडायचं, सकाळी कुठल्या डॉक्टरांच्या वाटेला जायचं नाही, हे शिकवून होतंय तोच त्यांच्या बॅगा भरलेल्या असत.

अशातच लुइझियानाहून रेनेल ब्रूसार्ड आली. चौथ्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंचा श्वास बदललाय, हे तिने डॉक्टरांच्या आधी ओळखलं. बाई वाचल्या. व्हर्नाने तिला सरळच विचारलं, इथेच राहतेस का?

"राहीन की," रेनेल म्हणाली. "फक्त मला एकच वॉर्ड द्या. रोज कुठे नर्स कमी पडली की माझी तिकडे उचलबांगडी. पेशंटची ओळख होते न होते, तोवर मी दुसरीकडे."

मागणी एवढीच होती. व्हर्ना त्याच दुपारी व्यवस्थापक कर्टिस लिंडग्रेनकडे गेली. बाहेरच्या नर्सला वॉर्ड ठरवून द्यायचा नाही असा नियम आहे, मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल, असं तो म्हणाला. व्हर्नाने अर्ज केला. आठवड्याने तो परत आला, फॉर्म चुकीचा होता म्हणून. दुसरा फॉर्म कुणाच्या तरी सहीसाठी अडकला. फोन केला की तिला ताटकळत ठेवत. रेनेल मात्र वॉर्डावॉर्डात फिरत राहिली. पुढे तिने विचारणंही सोडलं. तेरावा आठवडा संपला, तशी ती ॲरिझोनाला निघून गेली.

ती गेल्यावर अकराव्या दिवशी मंजुरी आली. व्हर्नाने तिला फोन लावला. तिकडच्या करारावर तिची सही करून झाली होती.

व्हर्ना तो कागद घेऊन कर्टिसच्या खोलीत गेली. तो म्हणाला, पुढच्या वेळी अर्ज जरा लवकर कर.

"पुढच्या वेळी मी अर्ज करणारच नाही," ती म्हणाली. "वॉर्ड मी ठरवणार. जमत नसेल, तर नव्या माणसाला तू शिकव."

सोमवारी मायलो ओर्टेगा नावाचा नवा नर्स आला. व्हर्नाने पहिल्याच दिवशी त्याच्या हातात वॉर्डाचं नाव लिहून दिलं. मायलोचा दुसरा करार आता संपत आलाय. तो राहणार की नाही, हे अजून तिला ठाऊक नाही.