वरचा डावा कोपरा

निफाडच्या पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर थंडीत पक्षी येतात, आणि त्यांच्या मागोमाग झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घातलेली माणसं येतात. या कपड्यांमुळे आपण पक्ष्यांना दिसत नाही, अशी या माणसांची समजूत असते. बडबड झाकणारं कापड अजून निघालेलं नाही. निवृत्तीनंतर मीही तसलं एक जाकीट आणि एक कॅमेरा घेतला. बसलेला बगळा कोणीही टिपतो. मला उडते पक्षी टिपायचे होते.

आमच्या गटाला एक सर शिकवत. त्यांची लेन्स एवढी मोठी की गाडीत तिला वेगळी सीट लागे. पण शिकवायचे ते नीट. पक्षी लांब असतानाच कॅमेऱ्यात पकडा, कमरेतून वळा, आणि हवा तो क्षण दिसायची वाट पाहू नका. दिसला म्हणजे गेलाच. बटण त्याच्या आधी दाबायचं.

ते मला जमू लागलं. फक्त एक अडचण होती. पाण्यावर सूर मारणारा पांढरा सुरय पक्षी मी छान पकडायचो, पण तो उंच उठून चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला की नाहीसा व्हायचा. घरी येऊन फोटो पाहावा, तर त्याच कोपऱ्यात पंख पसरून हजर.

गटात यावर गंभीर चर्चा झाली. या छंदात दोष नेहमी सामानाचा असतो. सरांनी नवा कॅमेरा सुचवला. मी जुनाच दुरुस्तीला टाकला. दुकानदारानं पुसून परत दिला, म्हणाला, काही झालेलं नाही. पुढच्या खेपेला चहाचा थर्मास घेऊन बायको सोबत होती. तिनं कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ आकाश पाहिलं.

"अहो, मला सगळे कोपरे दिसतायत," ती म्हणाली. "तुम्ही डोळे दाखवा."

दवाखान्यात एक डोळा झाकून पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. हे तर मी वर्षभर शिकत होतो. मी तयारीनं बसलो. थोड्या वेळानं यंत्रावरच्या मुलीनं ते थांबवलं.

"काका, दिसल्यावर दाबा ना. तुम्ही आधीच दाबताय."

"सवय लागलीय."

"असं केलं तर तुमचं किती गेलंय ते कळणार कसं?"

कोणाचं काय गेलंय, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी मी वाट पाहिली. प्रकाश दिसे, मी दाबे. मग बराच वेळ काहीच आलं नाही. यंत्र थांबलं असावं, असं मला वाटलं. ते थांबलेलं नव्हतं.

उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायला रोज थेंब घालायचे. दुसऱ्या डोळ्याचं काय, असं बायकोनं विचारलं. डावा सध्या ठीक आहे, असं उत्तर आलं. तो 'सध्या' आम्ही दोघांनीही घरापर्यंत आणला.

आता मी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावतो. नाक मागच्या पडद्यावर आपटतं, हात चुकतो, सुरय चौकटीत येतच नाही. सर म्हणतात, होईल सवय.

संध्याकाळी गच्चीवर मात्र कॅमेरा नेत नाही. आमच्या भागावर एक घार फिरते. डावा डोळा हातानं झाकून मी उजवा समोरच्या इमारतीच्या टाकीवर रोखतो. घार फिरत फिरत वर डावीकडे जाते आणि विझते. मग काही वेळानं दुसऱ्या बाजूनं निघते.

बायको कपडे काढायला वर येते. काल तिनं दोरीपाशी उभं राहून विचारलं, "आली का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं आणि कपडे हातात धरून माझ्याबरोबर थांबली.