पाणी घालू नगंस

शिराळ्याजवळच्या माहेराहून श्रावणात निघाले, तेव्हा आईनं भुईचाफ्याची कुंडी हातात दिली. तिच्यात नुसती पानं, वरून हिरवी, खालून जांभळट. फूल कुठाय म्हटलं तर म्हणाली, "येतंय की. तुला मेलीला सगळ्याचीच घाई." साताऱ्याला आणली. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली. झालं, घालवलं मी झाड. तरी हेका सोडला नाही, रोज तांब्याभर पाणी ओतत राहिले.

पौषात आईनं अंथरूण धरलं. माहेरी गेल्या गेल्या मी तिला कबूल केलं की पानं गेली, पण पाणी रोज घालतेय. दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपत चालली. दादा डॉक्टरांना आणायला गेलेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंडात पाणी घाल गं, लेक हाईस." मी चमचा ओठाशी नेला. आईनं मान फिरवली आणि स्पष्ट म्हणाली, "झोपलंय. पाणी घालू नगंस." मी चमचा खाली ठेवला. दुपारी ती गेली. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तेरावं उरकून घरी आले, तर कुंडी धुऊन पालथी घातलेली. आमचे हे फौजेतून निवृत्त, रिकामी कुंडी त्यांना बघवत नाही. माती कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

चैत्रात एका सकाळी त्याच कोरड्या मातीवर एक फूल दिसलं, पांढरं-जांभळं. पान नाही, फांदी नाही. कुणाच्या पूजेतलं पडलं असेल म्हणून उचलायला गेले, तर निघेना. दादाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"आईचा भुईचाफा की गं. आदी फूल, मागनं पान. हिवाळ्यात झोपतोय त्यो, तवा पाणी घालायचं नसतंय, गड्डा कुजतोय. तुला सांगितलं न्हाई व्हय आईनं?"

आईचं ते शेवटचं बोलणं आठवलं. माणसाच्या तोंडात पाणी घालतात, झाडालाही घालतातच. आई स्वतःविषयी बोलली असती तर 'झोपलीया' म्हणाली असती. भुईचाफ्याविषयी असतं तर 'झोपलाय'. मग 'झोपलंय' कोण? झाड? तिच्या डोळ्यांपुढचं एखादं लेकरू? तिला पाणी नको होतं, की झाडापायी मी तिला कोरड्या तोंडानं जाऊ दिलं? स्वतःचा असा राग आला की चमचा धरलेला हात नकोसा झाला.

"दादा," मी म्हटलं, "तहान लागली असंल का रं?"

"मग? उन्हाळा हाय," तो म्हणाला. "आता जागं झालंय. घाल की तांब्याभर."